मावळातला पुरुषवेश : या अभ्यासात येणाऱ्यांसाठी

कार्ले लेण्याच्या चैत्यगृहात शिरण्याआधी व्हरांड्याच्या भिंतीवर स्त्री-पुरुषांची युगुले कोरलेली दिसतात. ती इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. पाहणाऱ्याची नजर बहुधा स्त्रियांच्या दागिन्यांवर जाते. पुरुषवेशाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने मात्र शेजारच्या पुरुषाकडे नीट पाहावे. अंग उघडे, कमरेला नेसूचे वस्त्र, त्यावर शेल्याची गाठ आणि डोक्याला भरगच्च पागोटे. शिवलेला कपडा अंगावर एकही नाही, तरी हा माणूस चारचौघांत शोभेल असा तयार होऊन उभा आहे, हे कुणालाही कळते.

या अभ्यासाचे पहिले सूत्र मला तिथेच सापडते. आपल्याकडे पुरुषाचा रीतसरपणा डोक्यावर राहिला आहे. युरोपात तो अंगरख्याच्या शिवणीत आणि गळपट्टीत गेला. जे. सी. फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली मांडले, की अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या पुरुषांनी नटण्याचा हक्क सोडला आणि गडद, साधा सूट पत्करला. मावळातल्या माणसाने असा त्याग कधी केला नाही. शेतात तो गुडघ्याच्या वर धोतर खोचून, पावसात घोंगडीची खोळ घेऊन वावरला; पण बाजाराला, लग्नाला, देवाला निघताना मुंडासे किंवा टोपी डोक्यावर आली, की तो तयार झाला. बोडक्याने चावडीवर जाणे त्याला रुचत नसे.

पोशाखाने माणसाला पद मिळते, हेही इथल्या इतिहासाला नवे नाही. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांना शाहू छत्रपतींनी १७१७ साली सेनापतिपदाची वस्त्रे दिली. दरबारात नेमणूक होई ती वस्त्रे देऊनच. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या पुण्यात पगडी, उपरणे, अंगरखा आणि पुढे धोतरावर कोट असा शिक्षितांचा वेश ठरत गेला. रीतसर वेश कुणाचा मानायचा, हा प्रश्नही तिथेच उभा राहिला. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि रयतेची स्थिती त्यांनी राजपुत्रापुढे मांडली. या प्रसंगाकडे आपण राजकारण म्हणून पाहतो. पुरुषवेशाच्या अभ्यासकालाही तो तितकाच मोलाचा आहे: मानाचा पोशाख कोणता, हे ठरवण्याचा अधिकारच त्यांनी त्या दिवशी मागितला.

आता आजच्या काळाकडे येऊ. कचेऱ्यांतला वेश सैल होत चालला आहे, ही जगभरची गोष्ट. गोल्डमन सॅक्ससारख्या बँकेनेही २०१९ मध्ये सूट-टायचा आग्रह सोडला. कोविडच्या घरबसल्या कामाने उरलेसुरले बंधही सुटले. मावळातून रोज हिंजवडीला जाणाऱ्या तरुणाच्या गळ्यात टायऐवजी ओळखपत्राची पट्टी आहे, अंगात गोल गळ्याचा टी-शर्ट. आपल्या हवेत टाय गेला याचे दुःख करावे असे मला वाटत नाही. लोणावळ्याला शनिवार-रविवारी येणारी मंडळी तर अर्ध्या चड्डीवरच गाडीतून उतरतात. पण याच तालुक्यात, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तंत्रप्रशिक्षण संस्थेत, १९४५ पासून कडक इस्त्रीचा गणवेश रोज अंगावर चढतो आहे.

आणि मग डबेवाले आहेत. मुंबईत डबे पोचवण्याची ही व्यवस्था १८९० पासूनची, आणि तिच्यातली बहुसंख्य माणसे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली. कामाच्या वेळेत डोक्यावर पांढरी टोपी हवी, नसेल तर दंड, हा त्यांचा नियम. टोपीकडे जवळून पाहा. धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून तिची पट्टी चपटी घडवलेली असते. काढली तर सदऱ्याच्या खिशात मावते. लोकलच्या गर्दीत जड पाट्या वाहून घाम गाळणाऱ्या माणसाने ती स्वच्छ राखणे सोपे नाही. ज्या टेबलापर्यंत तो डबा पोचवतो, त्या टेबलावरचा माणूस टी-शर्टात असतो. म्हणजे श्रम करणाराच आज कामावर रीतसर वेश सांभाळतो आहे. कुणाच्या दाराशी अन्न घेऊन जायचे तर नीटनेटके जावे, हा भाव मला त्यात दिसतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. २००५ मध्ये प्रिन्स चार्ल्स यांच्या लग्नाला डबेवाल्यांच्या प्रतिनिधींना बोलावणे आले, तेव्हा या टोपीची ओळख इंग्लंडलाही झाली.

लग्नसराईत तर टी-शर्टवाला तरुणही फेटा बांधून घ्यायला रांगेत उभा असतो. मानपानाची टॉवेल-टोपी अजून दिली जाते. दशक्रियेनंतर सोयऱ्यांनी मुलाच्या डोक्याला टोपी घालण्याची रीतही टिकून आहे. तेव्हा रीतसर वेश संपत आला, हे खरे नाही. तो कचेरीतून निघाला आणि नात्यांच्या, देवाच्या, मानाच्या प्रसंगांत जाऊन राहिला. सूट बाहेरून आला होता, तो नोकरीबरोबर आला आणि नोकरीबरोबर उतरला. डोक्यावरचे वस्त्र नोकरीचे नव्हतेच.

या विषयावर वाचायला घेणाऱ्याने डॉ. गो. स. घुर्ये यांच्या भारतीय वेशभूषेवरील १९५१ च्या इंग्रजी ग्रंथापासून सुरुवात करावी. मग पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कपडे प्रत्यक्ष पाहावेत. मात्र संग्रहालयात बहुधा जपला जातो तो श्रीमंतांचा आणि सणावारांचा कपडा. वडगावच्या बाजारात बंडी शिवणारा शिंपी मापे कशी घेई, कोपरीला खिसा कोणत्या बाजूला असे, काळी टोपी जाऊन पांढरी कोणत्या घरात कधी आली, याची नोंद कुठल्याही कपाटात मिळणार नाही. ती घराघरांत आहे, आणि ती सांगणारी पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे.

म्हणून वाचकांना एकच विनंती. आजोबांचा कोट, टोपी किंवा फेट्याचे कापड बोहारणीला देण्याआधी त्याचा फोटो काढा. तो कुणी शिवला, कुठून आणला, कोणत्या प्रसंगी घातला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वर्षासह वहीत लिहून ठेवा.