तारण : कर्जाचे आणि आत्म्याचे

‘तारण’ हा शब्द संस्कृत ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे या धातूपासून आला. तारणे म्हणजे पलीकडे नेणे. ज्याला स्वतः तरता येत नाही त्याला दुसऱ्याने पार करणे. मराठी ख्रिस्ती परंपरेत आत्म्याच्या उद्धारासाठी हाच शब्द रूढ झाला आणि येशू ‘तारणारा’ ठरला. निवड अचूक आहे, कारण ख्रिस्ती शिकवणीनुसार माणूस स्वतःच्या पुण्याईवर वाचत नाही, देवाच्या कृपेने वाचतो.

नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये यासाठी ‘सोतेरिया’ म्हणजे सुटका, सुरक्षितता हा शब्द येतो. ‘येशू’ या नावाच्या हिब्रू मुळाचा अर्थही ‘यहोवा तारतो’ असाच आहे. हे तारण ज्यातून होते त्या पापासाठीचा ग्रीक शब्द ‘हामार्तिया’ मात्र नेम चुकण्याच्या कल्पनेतून आला. होमरच्या काव्यात तेच क्रियापद भाला हुकण्यासाठी येते. मराठी ‘पाप’ शब्दात ही छटा उतरत नाही, ही उणीव खरीच.

व्यवहारात ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी ठेवलेले सोने किंवा जमीन. ख्रिस्ताने पापाची किंमत स्वतःच्या प्राणाने चुकवली, या श्रद्धेशी हा अर्थ विलक्षण जुळतो. धार्मिक अर्थ मात्र पार नेण्याचाच. ‘तारण’च्या शेजारी ख्रिस्ती वापरात ‘मुक्ती’ हा शब्दही आहे : पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन, तशीच मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी).

तारणाचे फळ ते ‘सार्वकालिक जीवन’. योहानाच्या शुभवर्तमानात ते मृत्यूनंतरच नव्हे, विश्वास ठेवल्यापासूनच सुरू होते.