तंजावरच्या बाहुल्यांचे सुटे भाग

कुंभकोणमजवळील मरुदानल्लूर भजनपरंपरेत सद्गुरुस्वामींच्या मठामुळे विख्यात आहे. हा कावेरीकाठ 1799 पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. येथे नवरात्रात घरोघरी ‘कोलू’ मांडतात. विषम संख्येच्या पायऱ्यांवर देवदेवतांच्या बाहुल्या, आणि खाली मुलांनी रचलेले बाजार, तळी, लग्नाचे मांडव! महाराष्ट्रातील दिवाळीचा किल्ला व त्यावरील मातीचे मावळे येथे सहज आठवावेत.

तंजावरची नाचरी बाहुली एकसंध नसते. कागदाच्या लगद्याचा घागरा, धड व डोके हे निरनिराळे घडवून तारेवर तोललेले असतात. म्हणूनच ती डोलते. डोके फुटले, तर तेवढेच नवे बसविता येते. मातीच्या बाहुलीस ही सोय नाही. रंग उडाला की तिला पुन्हा रंगवितात, आणि जुन्या कारागिराने ओढलेली डोळ्यांची रेघ नव्या रंगाखाली कायमची बुजते. बाहुली टिकते, पण तिचा चेहरा परका होतो. थोडी खपली उडालेला जुना चेहरा त्यापेक्षा बरा. मरपाची या लाकडी दांपत्याचे मात्र नशीब थोर. विवाहात वधूला मिळालेल्या या जोडीस नवी वस्त्रे नेसविली, की खालचे लाकूड आजीच्याच वेळचे राहते.