मिठाच्या पाण्यात उभा बुलडॉग

१९०९ साली जिमी नावाच्या बुलडॉगवरून ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. त्याचे मालक ऑगस्टस वॉलर. माणसाच्या हृदयाचा विद्युत-आलेख (ईसीजी) पहिल्यांदा उमटवला तो याच गृहस्थांनी, १८८७ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात. जिमीचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून त्यांनी रॉयल सोसायटीत त्याच्या हृदयाची वीज पाहुण्यांना दाखवली आणि प्राण्याचे हाल केल्याची ओरड झाली. गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनी खुलासा केला: आरोपातले गळ्याभोवतीचे ‘खिळे’ म्हणजे पट्ट्यावरच्या पितळी टिकल्या, आणि पाण्यात साधं मीठ. समुद्रात पाय बुडवले की जसं वाटतं तसंच!

आलेख निघाला, पण तो वाचायचा कसा? धडधाकट कुत्र्याची नाडीसुद्धा एकसारखी चालत नाही. श्वास घेताना ती जलद होते, सोडताना मंदावते. कुत्र्यात निरोगी काय आणि बिघडलेलं काय, हे आधी ठरवायला हवं होतं. स्टॉकहोममध्ये निल्स लान्नेक यांचा श्वान-ईसीजीवरचा प्रबंध आला तो थेट १९४९ मध्ये.

मोठ्या जातींनी खरी परीक्षा पाहिली. आयरिश वुल्फहाउंडमध्ये आढळणारं एट्रियल फिब्रिलेशन एकदा कायमचं जडलं की मिनिटभराच्या पट्टीतही सापडतं. ठोक्यांना ताळतंत्रच उरत नाही.

बॉक्सरचं दुखणं मात्र लबाड. बोस्टनच्या एंजल मेमोरियल रुग्णालयातले नील हार्पस्टर यांनी १९८३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. काही कुत्र्यांना कसलाही त्रास नाही, काही अचानक बेशुद्ध पडतात, तर काहींचं हृदय थकत जातं. जवनिकांतून अवेळी उठणारे जादा ठोके मनाला येईल तेव्हा उमटतात. दवाखान्यातल्या टेबलावर पाच मिनिटं काढलेली पट्टी स्वच्छ, आणि संध्याकाळी चेंडूमागे धावताना कुत्रा कोसळलेला.

इथे कामी आलं माणसांसाठी बनलेलं, ठोके सतत नोंदवत राहणारं यंत्र. मोंटानाच्या नॉर्मन होल्टर यांचं १९४७ मधलं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं, पाठीवर वाहायचं. ते आटोपशीर झालं आणि पुढे कुत्र्याच्या जाकिटात मावू लागलं. कुत्रा घरी आपला खातो, झोपतो, भुंकतो. मालक या सगळ्याच्या वेळा टिपून ठेवतो.

अशा नोंदीत डोबरमनमध्ये २४ तासांत ३०० हून अधिक जादा ठोके आले, तर हृदयाचा आजार धरून चालतात. बॉक्सरमध्ये शंभरानंतरच संशय येतो. पण एकाच बॉक्सरच्या दोन दिवसांच्या नोंदींतही आकडा बराच हलतो, म्हणून एका नोंदीवर निकाल न देता होल्टर पुन्हा लावावा लागतो.