कापडाला दाब कसा कळतो?

मधुमेह असलेले आई-बाबा आपल्याकडे राहायला आले की आपण त्यांच्या गोळ्यांची आणि पथ्याची काळजी घेतो. पायांकडे मात्र लक्ष जात नाही. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होऊ शकतात. मग चपलेत खडा गेला तरी कळत नाही, एकाच जागी दाब पडत राहतो आणि जखम होते. न दुखणारा हा दाब मोजता येईल का? कापडी सेन्सर हे त्याचे एक उत्तर आहे.

कल्पना जुनीच

डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर अनेक वर्षे शस्त्रक्रिया केल्या. पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे त्यांनी बधिर पायांसाठी एक खास मोजा वापरून पाहिला. त्यात रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या होत्या. जिथे दाब जास्त, तिथे कुप्या फुटत आणि मोज्यावर डाग उमटे. ना वायर, ना बॅटरी!

आजचा सेन्सर

सर्वात सोप्या प्रकारात तीन थर असतात. वर आणि खाली वीजवाहक कापड (उदा. चांदीचा मुलामा दिलेले नायलॉन) आणि मध्ये कार्बन मिसळलेला वेलोस्टॅट नावाचा काळा प्लॅस्टिक कागद. दाब पडला की या कागदाचा विद्युतरोध कमी होतो. सोबत १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला की हा बदल आर्डुइनो ऊनो बोर्डवर ० ते १०२३ या आकड्यांत दिसतो.

दुसऱ्या प्रकारात दोन वीजवाहक कापडांमध्ये स्पंज असतो. स्पंज दबला की कापडे जवळ येतात आणि त्यांची धारिता वाढते.

पूर्ण तळव्याचा नकाशा हवा असेल तर पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवतात. १६ आडव्या आणि १६ उभ्या पट्ट्यांत फक्त ३२ वायरींवर २५६ ठिकाणे मोजता येतात.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात (एनयूएस) प्रा. लिम च्वी टेक यांच्या गटाने २०१७ मध्ये वेगळी वाट दाखवली: केसाइतकी बारीक रबरी नळी आणि आत द्रवरूप मिश्रधातू. असा धागा कापडात विणता येतो.

अडचण कुठे आहे?

सेन्सर एका संध्याकाळीही तयार होतो. आकड्यावर भरवसा ठेवणे अवघड. वजन काढले तरी वेलोस्टॅट लगेच मूळ स्थितीला येत नाही. कापडाला घडी पडली तरी त्याला तो दाबच वाटतो. घाम आणि धुलाईने मुलामा खराब होतो. तोआ पायोहच्या लोरोंग १ ची ओळख अनेक दशके ज्या फिलिप्सशी जोडलेली आहे, त्या कंपनीने २००० साली लीव्हायसबरोबर इलेक्ट्रॉनिक जाकीट बाजारात आणले. तेही धुण्याआधी आतली उपकरणे काढावी लागत!

म्हणून घरगुती सेन्सर 'इथे दाब जास्त, तिथे कमी' एवढे बऱ्यापैकी सांगतो. पण मधुमेही पायासाठी बुटातला दाब शक्यतो २०० किलोपास्कलच्या आत (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २ किलो) असावा, असे तज्ज्ञ मानतात. हा आकडा ठरवायला तपासून घेतलेले वैद्यकीय उपकरणच लागते.

एक महत्त्वाची सूचना

मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टला हा विषय उत्तम आहे. सेन्सर उशीखाली, खुर्चीवर किंवा पायपुसण्यात लावून पाहा. मात्र बधिर पायाच्या बुटात घरी केलेला सेन्सर कधीही घालू नका. वायरीची गाठ किंवा डाखाचा टोकदार थेंब त्या पायाला कळणार नाही, आणि जखम टाळायला केलेली वस्तूच जखम करेल.

त्याऐवजी रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा. वर्षातून एकदा तरी पायांची तपासणी करून घ्या. तोआ पायोह आणि इतर पॉलिक्लिनिकमध्ये ती होते, मात्र पाहुण्यांना सरकारी सवलत मिळत नाही. त्यात १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून विचारतात, "कळतंय का?" उत्तर 'नाही' आले, तर पुढची काळजी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.