ईमेल न्यूजलेटर कसं सुरू करायचं? नांदेड-लातूरकरांसाठी माहिती

शिष्यवृत्तीची तारीख निघून गेल्यावर मेसेज हाती लागला, असं आपल्याकडे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात ऐकू येतं. मेसेज ग्रुपवर आलेला असतो, पण फॉरवर्डच्या गर्दीत हरवतो. कधी मागच्या वर्षीचीच नोटीस पुन्हा फिरत राहते. यावर आपण एक साधा उपाय करू शकतो. तो म्हणजे शाळेचं, मोहल्ल्याचं किंवा तालुक्याचं ईमेल न्यूजलेटर, ठरलेल्या दिवशी ईमेलवर येणारं छोटं वार्तापत्र.

व्हॉट्सॲप असताना ईमेल कशाला?

दोघांची कामं वेगळी आहेत. जनाज्याची वेळ, रक्ताची गरज हे ग्रुपवरच टाकावं. पण फॉर्मच्या तारखा, लागणारे दाखले, कर्जाच्या योजना पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात. ईमेलमध्ये सहा महिन्यांनीही एक शब्द टाकून शोधलं की त्या सापडतात. नीट, सीईटीच्या फॉर्मला ईमेल लागतोच, म्हणून बहुतेक घरांत एक तरी पत्ता असतो. लातूरला शिकवणीसाठी राहिलेली मुलगी, कंधारला तिचे अम्मी-अब्बा आणि आखातात नोकरीला असलेला मामू, तिघांनाही तीच माहिती मिळते.

कोणासाठी, काय, कधी?

सगळ्यांसाठी सगळं द्यायला गेलं की कोणीच वाचत नाही. एक विषय धरा. उदाहरणार्थ, दहावी-बारावीनंतरचे प्रवेश, शिष्यवृत्त्या आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज. गावही ठरवा. रमजानमध्ये नांदेडची इफ्तारची वेळ लातूरला चालत नाही, कारण लातूर पश्चिमेला असल्याने तिथं सूर्य काही मिनिटं उशिरा मावळतो.

1832 साली ‘दर्पण’ आधी पाक्षिक निघालं, मग साप्ताहिक झालं. आपणही झेपेल तेवढंच ठरवावं. महिन्यातून दोनदा, जुम्म्याच्या सकाळी, एवढं पुरे. पहिले तीन अंक तयार करूनच सुरुवात करा.

यादी कशी करायची?

मागणाऱ्यालाच पाठवायचं, हा पहिला नियम. पालकसभेत वही ठेवा, लोक स्वतः पत्ता लिहितील. ग्रुपमधून, शाळेच्या रजिस्टरमधून पत्ते परस्पर उचलू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. म्हणून मुलांऐवजी पालकांचाच पत्ता घ्यावा. नको असेल तर नाव काढण्याची सोय प्रत्येक अंकात हवी.

पाठवायचं कशावरून?

वीस-पंचवीस घरं असतील तर साधं जीमेल चालतं. पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाका, नाहीतर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. साध्या खात्यावरून दिवसाला 500 जणांपर्यंतच मेल जातो. यादी वाढली की सबस्टॅक, मेलचिंपसारखी सेवा घ्यावी. सबस्टॅकवर मोफत अंक पाठवायला पैसे लागत नाहीत. वर्गणी घेतली तर तिच्यातले 10 टक्के ते घेतात.

मजकूर कसा असावा?

विषयाच्या ओळीत कामाचं लिहा. ‘अंक 4’ असं नको. ‘शैक्षणिक कर्ज: कोणते कागद लागतात’ असं हवं. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली प्रेसनोट तशीच चिकटवली तर समोरच्याला नुसती चिन्हं दिसतात. नोटिशीचा फोटो लावला तरी तारीख अक्षरांत लिहा, कारण फोटोतला मजकूर शोधून सापडेलच असं नाही. फार लांब मेल जीमेल मध्येच कापतं, म्हणून चार-पाच बातम्या पुरेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडताळणी. माहिती कोणत्या सरकारी संकेतस्थळावरून, कोणत्या दिवशी पाहिली, हे प्रत्येक बातमीखाली लिहा. चूक झाली तर पुढच्या अंकाची वाट न पाहता दुरुस्ती पाठवा. जाहिरात घेतली तर ‘जाहिरात’ असं स्पष्ट छापा.

यश कशाला म्हणायचं?

किती जणांनी मेल उघडला, हे आकडे फसवे असतात. मोजायचं असेल तर आलेली उत्तरं मोजा. ‘तुमच्यामुळे फॉर्म वेळेत भरला’ असं एका आईचं उत्तर आलं, तर अंक कामी आला. सुरुवात वीस घरांपासून करा, पण ठरलेला जुम्मा चुकवू नका.