कुमुलांच्या देशाला क्लब कसा मिळाला?

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिडनीत दोन देशांचे पंतप्रधान पत्रकारांसमोर आले आणि त्यांनी एका खेळाच्या क्लबची घोषणा केली. एक होते ऑस्ट्रेलियाचे अँथनी अल्बानीज, दुसरे पापुआ न्यू गिनीचे जेम्स मरापे. ऑस्ट्रेलियातल्या 'नॅशनल रग्बी लीग' या व्यावसायिक स्पर्धेत २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ खेळणार आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाचे सरकार दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च करणार, अशी ती घोषणा होती.

आपल्याकडे ही बातमी फारशी कुणी वाचली नसेल. रग्बी लीग इथे कुणी खेळत नाही. पण एका क्लबला स्पर्धेत घेण्यासाठी दोन पंतप्रधान आणि एवढा सरकारी पैसा का लागावा, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. उत्तर शोधायचे तर इतिहासात जावे लागते.

मुळात या खेळाचा जन्मच मजुरीच्या भांडणातून झाला. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमले आणि रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. त्यांचे खेळाडू खाणीत आणि गिरणीत राबणारे होते. सामन्यासाठी खाडा केला की मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढीच मागणी होती. खेळात पैसा येता कामा नये, असे म्हणणाऱ्या संघटनेने ती नाकारली. या फुटीतून तेरा खेळाडूंची रग्बी लीग उभी राहिली आणि १९०८ मध्ये सिडनीतही तिची स्पर्धा सुरू झाली. तिथेही हा कामगार वस्त्यांचाच खेळ होता.

पापुआ न्यू गिनीत तो ऑस्ट्रेलियन माणसांसोबत गेला. बेटाचा आग्नेय भाग, म्हणजे पापुआ, १९०६ पासून ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली होता. ईशान्येकडचा भाग जर्मनीचा. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाने तोही घेतला. १९३० च्या दशकात सोन्याच्या खाणींवर आलेल्या ऑस्ट्रेलियन कामगारांनी आणि पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांनी हा खेळ तिथे रुजवला. सुरुवातीला मैदानावर गोरेच असत. स्थानिक लोक बाहेरून बघत.

या 'बाहेरून बघण्या'ला एक कायदेशीर बाजूही होती. पापुआत जन्मलेला माणूस कागदोपत्री ऑस्ट्रेलियाचा नागरिक मानला जाई, पण परवानगीशिवाय त्याला ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर पाऊल ठेवता येत नसे. १६ सप्टेंबर १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि ते कागदी नागरिकत्वही संपले. स्वातंत्र्याच्या काही आठवडे आधी राष्ट्रीय संघाने इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला होता. म्हणजे देशाच्या आधी त्या देशाचा संघ जन्माला आला.

संघाचे नाव 'कुमुल'. टोक पिसिन भाषेत कुमुल म्हणजे 'बर्ड ऑफ पॅराडाइज' हा पक्षी. देशाच्या झेंड्यावरही तोच आहे. मी दोन भाषा शिकवते, त्यामुळे या देशाची भाषिक गोष्ट मला फार ओढ लावते. एक कोटीच्या आसपास लोकसंख्या आणि ८०० हून अधिक भाषा. एका खोऱ्यातल्या माणसाला पलीकडच्या खोऱ्यातली बोली कळत नाही. मळ्यांवरच्या मजुरांत घडलेल्या टोक पिसिनने त्यांना जोडले. तिचे बरेचसे शब्द इंग्रजीतून आले, वाक्यरचना मात्र स्थानिक भाषांच्या वळणाची. तिला 'मोडकी इंग्रजी' म्हणून हिणवणारे पुष्कळ झाले. दखनीला 'बिघडलेली उर्दू' म्हणणारे आपल्याकडेही आहेत. पण मजुरांची तीच भाषा आज संसदेत बोलली जाते. तिच्याखालोखाल सगळ्यांना कळणारी गोष्ट म्हणजे रग्बी लीग. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स यांच्यात दरवर्षी होणारी 'स्टेट ऑफ ओरिजिन' मालिका ऑस्ट्रेलियाच्या दोन राज्यांची, पण तिच्यावरून पापुआ न्यू गिनीत घराघरांत दोन तट पडतात. या वादातून मारामाऱ्या झाल्या, जीवही गेले. वेड आहे, आणि त्याची काळी बाजूही आहे.

हे वेड नुसते प्रेक्षकांचे नाही. कुमुलांनी १९८६ मध्ये पोर्ट मोर्सबीत न्यूझीलंडला २४-२२ असे हरवले, १९९० मध्ये गोरोका या डोंगरी गावात ग्रेट ब्रिटनला २०-१८ असे. मार्कस बाई १९९९ मध्ये मेलबर्नच्या विजेत्या संघात होता. सिंबू प्रांतातल्या खेड्यातून आलेल्या जस्टिन ओलामने आधी लाए इथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे २०२० मध्ये मेलबर्नसाठीच विजेतेपद मिळवले. अशी मुले होती, पण त्यांना खेळायला परदेशी क्लबांचे दार ठोठवावे लागे. घरचा क्लब नव्हता.

तो मिळावा म्हणून २००८-०९ च्या सुमारास सरकारच्या पाठबळावर पहिली रीतसर मोहीम सुरू झाली. युक्तिवाद सरळ होता: ज्या देशाचा हा राष्ट्रीय खेळ आहे, त्याचा एक संघ मोठ्या स्पर्धेत असावा. पण व्यावसायिक स्पर्धेचा हिशेब वेगळा असतो. प्रसारणाचे पैसे, जाहिरातदार, मैदान, खेळाडूंची सुरक्षितता या मोजपट्टीवर गरीब देश कमी पडतो. २०१३ पासूनच्या प्रसारण करारात सोळाच संघ कायम राहिले. पापुआ न्यू गिनीला जागा मिळाली नाही.

त्याच २०१३ च्या जुलैत दोन्ही देशांत दुसरा एक करार मात्र झटपट झाला. बोटीने ऑस्ट्रेलियाकडे येणाऱ्या आश्रितांना पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर ठेवायचे आणि खर्च ऑस्ट्रेलियाने करायचा. इराण, इराक, अफगाणिस्तान, म्यानमार इथून जीव वाचवून निघालेली माणसे तिथे वर्षानुवर्षे अडकली. कुर्दी लेखक बेहरूज बूचानी त्यांतलाच एक. २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही स्थानबद्धता बेकायदा ठरवली. क्लबसाठी देश गरीब होता, असुरक्षित होता. छावणीसाठी तोच चालला.

तरी खेळणारे थांबले नाहीत. मोठे दार बंद होते म्हणून ते धाकट्या दाराने शिरले. २०१४ मध्ये 'पीएनजी हंटर्स' हा संघ क्वीन्सलँडच्या दुय्यम स्पर्धेत उतरला आणि २०१७ मध्ये ब्रिस्बेनला अंतिम सामना १२-१० असा जिंकून आला. २०१७ च्याच विश्वचषकाचे सामने पोर्ट मोर्सबीत झाले आणि देशाच्या महिला संघाने, 'ऑर्किड्स'ने, पहिल्यांदा विश्वचषक खेळला. कोविडच्या काळात, २०२१ चा हंगाम हंटर्सनी घरापासून दूर ऑस्ट्रेलियात राहून काढला.

मग वारे फिरले ते मैदानाबाहेर. एप्रिल २०२२ मध्ये शेजारच्या सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला आणि कॅनबेरात धावपळ उडाली. पॅसिफिकमधल्या देशांना जवळ कसे ठेवायचे, याचा शोध सुरू झाला, तेव्हा वर्षानुवर्षे पडून असलेला क्लबचा अर्ज आठवला. वृत्तपत्रांतल्या माहितीनुसार क्लबच्या करारासोबत आणखी एक समझोता आहे: पापुआ न्यू गिनीने चीनला सुरक्षेच्या क्षेत्रात शिरकाव दिला, तर ऑस्ट्रेलिया हात काढून घेऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्पर संरक्षणाचा 'पुकपुक' करार केला. पुकपुक म्हणजे मगर. त्याच महिन्यात क्लबचे नाव जाहीर झाले: 'पीएनजी चीफ्स'.

यावर टीका करणारे म्हणतात, ज्या देशात दवाखाने आणि शाळा अपुऱ्या आहेत, तिथे क्लबवर इतका पैसा कशाला? जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांच्या पगाराच्या वादातून राजधानी जळाली, लुटली गेली, हे विसरून चालणार नाही. प्रश्न रास्त आहे. पण तो ज्याच्या हातात पैसा आहे त्यालाही विचारायला हवा. हा पैसा शाळांऐवजी क्लबला मिळाला, कारण क्लबमधून ऑस्ट्रेलियाला हवे ते मिळत होते.

मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. क्लबवरचा या लोकांचा हक्क खरा आहे. तो त्यांनी पन्नास वर्षांच्या खेळाने कमावला आहे. पण तो मान्य झाला तो खेळाच्या जोरावर नाही, तर दुसऱ्याच्या भीतीमुळे. भीतीपोटी मिळालेली गोष्ट भीती सरली की परत मागितली जाऊ शकते. म्हणून २०२८ चा पहिला सामना कोण जिंकतो, यापेक्षा मला दहा वर्षांनंतरचे चित्र महत्त्वाचे वाटते. तोवर डोंगरातल्या मुलामुलींसाठी शाळेपासून क्लबपर्यंतची वाट तयार झाली, क्लब चालवणारी माणसे तिथलीच झाली आणि पैशाचा स्वतःचा झरा सापडला, तर चीफ्स हा त्या देशाचा क्लब असेल. नाहीतर तो परराष्ट्र खात्याच्या खर्चातली एक नोंद राहील, आणि अशा नोंदी खोडायला कुणाची परवानगी लागत नाही.