आबालाल रहिमान यांची उत्तरकालीन निसर्गचित्रे

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (सु. १८६०–१९३१) यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात कोटितीर्थ व रंकाळा ही तळी आणि पंचगंगा नदी यांच्या परिसरात काढलेल्या, पाणी, झाडी व बदलता प्रकाश हेच विषय असलेल्या चित्रांचा समूह. महाराष्ट्रातील आधुनिक निसर्गचित्रणाच्या आरंभीच्या काळात या चित्रांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते आणि युरोपातील दृक्प्रत्ययवादाशी त्यांचे असलेले साम्य हा कलासमीक्षेत वारंवार चर्चिला गेलेला विषय आहे. दृक्प्रत्ययवाद म्हणजे वस्तूचा ठरीव आकार व रंग न रंगवता, एखाद्या विशिष्ट क्षणी पडलेल्या प्रकाशात ती डोळ्यांना जशी जाणवते तशी रंगवण्याची चित्रणपद्धती; १८७४ साली पॅरिसमध्ये भरलेल्या प्रदर्शनातून ती प्रथम एकत्रितपणे लोकांसमोर आली.

आबालाल यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचा पिढीजात व्यवसाय होता. सुवाच्य अक्षर, बारीक वेलबुट्टी आणि रंगांची निगा यांचे संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाले. पुढे १८८० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत त्या काळी ब्रिटिश अकादमिक पद्धतीचे, म्हणजे पुतळ्यांवरून व प्रत्यक्ष व्यक्तीवरून काटेकोर रेखाटन, छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन शिकवणारे शिक्षण दिले जात असे. त्यात आबालाल यांनी असाधारण प्रावीण्य मिळवले व १८८८ मध्ये व्हाइसरॉयचे सुवर्णपदक पटकावले. मुंबईत व्यवसायाची संधी असूनही ते कोल्हापुरास परतले आणि पुढे राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभून दरबारचे चित्रकार झाले.

दरबारासाठी केलेल्या कामात विषय ठरवून दिलेला असे. कोटितीर्थाच्या काठी राहून केलेल्या कामात मात्र तो रोज डोळ्यांसमोर उभा असे आणि रोज पालटत असे. या चित्रांचे मर्म याच फरकात आहे. तळ्याचे पाणी सकाळी धुक्याखाली करडे दिसते, दुपारी चकाकते आणि सांजवेळी काठच्या झाडांची सावली त्यात उतरली की जवळजवळ काळे होते. हे बदल टिपायचे तर रेषा आधी आणि रंग नंतर हा अकादमिक क्रम उपयोगी पडत नाही. आबालाल यांनी जलरंग व तैलरंग या दोन्ही माध्यमांत रंगांचे लहान लहान फटकारे व ठिपके शेजारी शेजारी ठेवून झाडांची पाने, पाण्यावरची थरथर आणि हवेतील ओलावा उभा केला. अशा चित्राजवळ गेले की नुसते तुटक ठिपके दिसतात आणि दोन पावले मागे सरकले की त्याच ठिपक्यांतून काठ, पाणी आणि आभाळ वेगवेगळे होतात. रंकाळ्याच्या पाण्यातील संध्यामठ या दगडी वास्तूवरील त्यांचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात पाणी चढले की ही वास्तू बुडू लागते आणि पाणी उतरले की पुन्हा उघडी पडते, त्यामुळे स्थिर दगड आणि चंचल पाणी यांचा मेळ तेथे निसर्गतःच साधलेला आहे.

दृक्प्रत्ययवादाशी असलेले साम्य त्या पद्धतीचे फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) यांच्या कामाशी तुलना केली की स्पष्ट होते. मोने यांनी उतारवयात झिव्हर्नी येथील आपल्या बागेत तळे तयार करवून त्यातील कमळे व पाण्यातील प्रतिबिंबे वर्षानुवर्षे रंगविली, आणि त्यांतील भव्य चित्रफलक त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात कायमचे मांडले गेले. मोने व आबालाल या दोघांच्या उत्तरकालीन कामांत एकाच जागी ठाण मांडून पाण्यावरचा प्रकाश न्याहाळण्याची वृत्ती समान आहे. परंतु मोने यांच्यामागे चित्रकारांचा समूह, विक्रेते आणि अखेरीस राष्ट्राचा मान उभा होता, तर आबालाल यांनी फ्रान्स पाहिले नव्हते आणि त्यांच्या प्रयोगांना समजून घेणारा समीक्षकवर्गही भोवती नव्हता. म्हणून त्यांच्या चित्रांना दृक्प्रत्ययवादाचे अनुकरण म्हणणे अन्यायाचे ठरते. हस्तलिखितांतील बारकावा, जे. जे. तील शिस्त आणि कोल्हापूरच्या पाणवठ्यांचा दीर्घ सहवास यांतून ती स्वतंत्रपणे घडली, असे म्हणणेच योग्य होय.

१९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि आबालाल यांचा आधार तुटला. या दुःखात त्यांनी आपली अनेक चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगितली जाते. त्यानंतरची वर्षे त्यांनी विपन्नावस्थेत काढली व १९३१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी काढलेल्या हजारो चित्रांपैकी फारच थोडी आज पाहावयास मिळतात. असे असूनही ‘कलापूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगरीच्या चित्रपरंपरेत त्यांना आद्य स्थान दिले जाते. उपलब्ध चित्रांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जतन केलेली आहेत.